उचंती खातं

नागदेवी स्ट्रीटला, गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या दुकानात
एकवीस वर्षं मी खतावणी लिहिते.
मालक रऊफ सरखोत, मूळचे खेडकडचे,
नव्या वहीच्या पहिल्या पानावर ७८६ घालतात
आणि वही माझ्याकडे सरकवतात.
मी त्याखाली, वडिलांच्या सवयीनं, बारीक श्री काढते.
त्यावर आम्ही दोघं कधी काही बोललो नाही.

धंदा कसा आहे, कुणी विचारलं
की चाचा म्हणणार, अल्लाचा करम.
गुडघा? अल्हम्दुलिल्लाह.
नुझहतचा निकाल? माशाअल्लाह, पास झाली.
पास कसली, कॉलेजात पहिली आली होती!
हे मला अल्ताफकडून कळलं, चहाचे ग्लास विसळताना.

आमच्याकडे गिरगावात, कसं काय विचारलं
तर 'चाललंय' म्हणतात.
फारच बरं चाललं असेल तर 'ढकलतोय'.
दृष्ट लागू नये म्हणून सुखाला
फाटकं बनियन घालून बाहेर पाठवायचं, ही आमची रीत.
चाचा त्याला इस्त्री करून पाठवतात,
फक्त कॉलर उलटून
शिंप्याचं नाव आधी दाखवतात.

मी जमाखर्चाची बाई.
आलेली रक्कम कुणाच्या तरी नावे जमा व्हावी लागते,
आणि ज्या रकमेचा धनी सापडत नाही
ती जाते उचंती खात्यात.
चाचांना हे खातं कधी लागलंच नाही.
त्यांचा धनी ठरलेला.

शेजारच्या गोदामाला आग लागली त्या वर्षी
आम्हाला जाळ लागला नाही, बंबाचं पाणी लागलं.
कॉर्कच्या शीट फुगून पावासारख्या झालेल्या.
मी ओल्या स्टुलावर बसून आकडा काढला, आठ लाख चाळीस.
चाचांनी चिखलातून एक व्हॉल्व्ह उचलला,
सदऱ्याला पुसला, फिरवून पाहिला.
"फिरतोय," म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह."
मला राग आला. खरंच आला.
आठ लाखांत एका व्हॉल्व्हचं एवढं काय?

आणि गेल्या सप्टेंबरात करखात्याची नोटीस.
दोन लाख अकरा हजार, दंड वेगळा.
तीन रात्री मी चार वर्षांची बिलं उपसली,
डोळ्यांत औषध घालघालून,
आणि तिसऱ्या पहाटे सापडला
सहाच्या जागी बसलेला एक नऊ.
नोटीस मागे घेतली गेली.
चाचांनी पंख्याच्या दिशेनं हात उचलले.
"अल्लाने सोडवलं, बाई."

मी काही बोलले नाही.
पंच इतक्या जोरात मारला
की कागदाबरोबर टेबलही नोंदवलं गेलं असतं.

असरची नमाज करून ते परत आले,
टोपी घडी करून खिशात घातली,
माळ्याची शिडी धरून उभे राहिले.
"देणारा एकच हाय, बाई.
पण तो टपाल माणसांच्या हातून पाठवतो.
पोस्टमनला पाणी विचारायचं नाही
असं कुठं लिवलंय?
आमच्यात तर म्हणतात, जो माणसाचा शुक्र करत नाही
त्याने अल्लाचाही केला नाही.
मी विसरलो. माफ करा."
पाकीट होतं. एक महिन्याचा पगार.
वर त्यांच्या वाकड्या मराठीत:
नाबरबाईंच्या डोळ्यांना.

मी व्हाउचर केलं. खर्च, किरकोळ.
ते वाचून चाचांनी 'किरकोळ' खोडलं.

डिसेंबरात माझी गाठ तपासायला गेली.
अकरा दिवस मी कुणाला सांगितलं नाही,
दुकानात सगळे आकडे बरोबर लिहिले.
रिपोर्ट चांगला आला.
घरी परतताना तळमजल्यावर खानोलकरबाई,
हातात मेथीची जुडी, नेहमीचा प्रश्न:
कशा आहात?

'चाल' इतकं म्हणून झालं होतं.
पुढचं अक्षर जिभेवर आलं नाही.
"बरी आहे," म्हणाले, "त्याच्या कृपेनं."
कुणाच्या, असं त्यांनी विचारलं नाही.
मेथी निवडायला बोलावलं.

तीन जिने चढताना मीच विचारत राहिले.
मग दार उघडलं, दिवा लावला,
आणि ती रक्कम सध्या
उचंतीत टाकून ठेवली आहे.
खातं मात्र आता रोज उघडते.